गल्लीतला रस्ता, वस्तीवरचं गटार, स्मशानभूमीचं शेड: सरकारी निधीतून काम करून घ्यायचं तर नेमकं काय काय करायचं

आपल्याकडं काम मागायची एक ठरलेली पद्धत आहे. दहा-बारा जण जमायचं, आमदारांच्या ऑफिसला जायचं, निवेदन देतानाचा फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा आणि घरी यायचं. त्या निवेदनात रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी किती, जागा कुणाची, कुठल्या योजनेतून मागताय यातलं काहीच नसतं, त्यामुळं साहेबांचा पीए त्यावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून तो कागद बीडीओकडं (गटविकास अधिकारी) पाठवतो, बीडीओ ग्रामपंचायतीकडं पाठवतात, म्हणजे कागद जिथून निघाला तिथंच परत येऊन पडतो आणि गावात सगळे म्हणतात निधीच नाही.

निधी कमी असतो हे खरं, पण अजिबात नसतो हे खरं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी आणि शहरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटींची शिफारस केली होती. हा पैसा तयार कागद असलेल्या गावाकडं आणि गल्लीकडं जातो. ज्याची फाईल तयार त्याचं काम मार्चमध्ये मंजूर होतं, बाकीचे निवेदनं देत बसतात. तर फाईल तयार कशी करायची ते महाराष्ट्राच्या हिशोबाने लिहितोय, आधी गाव, मग शहर.

पायरी १: काम नेमकं ठरवा आणि जागा कुणाची ते आधी बघा

"आमच्या वस्तीचा विकास करा" हे काम नाही. "मारुती मंदिर ते समाजमंदिर १८० मीटर काँक्रीट रस्ता आणि एका बाजूला बंदिस्त गटार" हे काम आहे. टेप घेऊन दोन पोरं लावा आणि लांबी-रुंदी मोजा, रस्त्यावर घरं किती ते लिहा, पावसाळ्यातले चिखलाचे फोटो असतील तर जपून ठेवा. फोनमधल्या जीपीएस कॅमेऱ्याने काढलेले असतील, म्हणजे फोटोवर ठिकाण आणि तारीख येते तसले, तर अजून चांगलं.

आता जागा. इथंच निम्मी कामं अडकतात आणि हे कुणी सांगत नाही. ग्रामपंचायतीत नमुना २३ नावाचं रजिस्टर असतं, ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. तुमचा रस्ता त्यात आहे का बघा. नसेल तर ग्रामपंचायतीच्या दृष्टीनं तो रस्ताच नाही, मग त्यावर पैसा टाकायचा कसा? वर्षानुवर्षं वहिवाटीचा असतो, बैलगाड्या जातात, पण कागदावर कुणाच्या तरी शेताचा बांध असतो. अशा वेळी शेतकऱ्याचं संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र लागतं, कुठल्या योजनेला काय चालतं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा (म्हणजे आपले ग्रामसेवकच, २०२४ मध्ये पदाचं नाव बदललं, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात). ही संमती काम मंजूर व्हायच्या आधी घ्या. मंजूर झाल्यावर, जेसीबी दारात आल्यावर, भावकीतलं जुनं सगळं बाहेर निघतं.

दुसरं म्हणजे रस्ता भलत्याच खात्याचा असू शकतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं असतात, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. प्रजिमाच्या रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी सरपंचाशी भांडून काही उपयोग नाही, त्याच्या हातातच ते नाही.

पायरी २: पैसा कुठल्या खिशातून येणार

सरकारचा एक खिसा नसतो आणि प्रत्येक खिशाचे नियम वेगळे. तुमच्या कामाला कुठला बसतो ते कळलं की अर्धं काम झालं.

पहिला खिसा वित्त आयोगाचा, थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येणारा. चौदाव्यात सगळा पैसा ग्रामपंचायतीला होता, पंधराव्यात महाराष्ट्रात वाटणी अशी झाली की ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० जिल्हा परिषद. त्यात परत बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) आणि अबंधित. २०२१ नंतर ६० टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता-सांडपाण्यासाठी, उरलेला ४० टक्के अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणं, फक्त पगार आणि आस्थापना खर्चाला वापरता येत नाही. १ एप्रिल २०२६ ते २०३१ हा काळ सोळाव्या आयोगाचा, त्यामुळं आताची टक्केवारी चालू परिपत्रकातूनच घ्या, जुनी पीडीएफ फिरत असते तिच्यावर जाऊ नका.

हे बंधित-अबंधित समजून घ्यायचं कारण सांगतो. वर घेतलेलं काम बघा, रस्ता आणि गटार. एकत्र मागितलं तर सरपंच म्हणणार अबंधितमध्ये एवढे पैसे नाहीत, आणि ते खोटंही नसतं. पण गटार हे सांडपाण्याचं काम म्हणून वेगळं काढलं तर ते स्वच्छतेच्या बंधितमध्ये बसू शकतं, आणि तो पैसा बऱ्याच गावात खर्चायला काम नाही म्हणून पडून असतो. मग अबंधितवर फक्त रस्ता राहतो. एका कामाची दोन कामं करून मागा. आणि गटार आधी, रस्ता नंतर, नाहीतर नवीन काँक्रीट फोडायची वेळ येते, हे दृश्य तुम्हाला नवीन नसेल.

दुसरा खिसा जिल्हा नियोजन समितीचा, पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. त्यातून ग्रामपंचायतींना जनसुविधेचं अनुदान मिळतं, स्मशानभूमी, तिकडं जाणारा रस्ता, गावठाणातले रस्ते, ग्रामपंचायत इमारत वगैरे. मोठ्या गावांसाठी नागरी सुविधा म्हणून वेगळं शीर्ष आहे. यात्रेचं देवस्थान असेल आणि त्याला क वर्ग दर्जा मिळालेला असेल तर तीर्थक्षेत्र विकासातून भक्तनिवास, रस्ते, स्वच्छतागृह होतं.

तिसरा वस्त्यांसाठीचा राखीव पैसा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्ती असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडून वस्ती विकास योजना, तांडा असेल तर वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना, आदिवासी वाडी-पाडा असेल तर ठक्कर बाप्पा योजना. इथं वस्तीची लोकसंख्या महत्त्वाची, कारण किती रक्कम मिळणार ते त्यावर ठरतं. वस्तीचा हक्काचा पैसा वस्तीतच लागला पाहिजे. नावाला वस्ती आणि रस्ता भलत्याच वाड्याकडं जाणारा असं होतं, म्हणून कामाच्या नावात "कुठून कुठपर्यंत" स्पष्ट लिहून घ्या.

चौथा आमदार-खासदार. आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधीही ५ कोटी, पण खासदाराच्या मतदारसंघात सहा-सहा विधानसभा असतात त्यामुळं तिथून गावाला मिळणं अवघड. दोन्हीकडं लोकप्रतिनिधी फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. खासगी मालमत्तेवर आणि धार्मिक स्थळावर हा पैसा टाकता येत नाही, म्हणूनच मंदिराच्या सभामंडपाला कागदावर "सामाजिक सभागृह" म्हणतात, सगळ्यांना माहीत आहे, पुढं. याशिवाय ग्रामविकास विभागाचं २५१५ लेखाशीर्ष (म्हणजे खर्चाचं खातं), लोक त्याला पंचवीस-पंधरा म्हणतात, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. आमदारांकडं जायचंच असेल तर "रस्ता करा" म्हणू नका, "आमचा प्रस्ताव तयार आहे, पंचवीस-पंधराला शिफारस द्या" म्हणा. बोलण्याचा सूरच बदलतो समोरच्याचा.

आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न विसरू नका, घरपट्टी पाणीपट्टीचं. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. रक्कम लहान असते पण हे मागायला मंत्रालयात जावं लागत नाही, घरात कुणी दिव्यांग असेल तर आधी याचीच चौकशी करा.

पायरी ३: ग्रामसभा

इथं लोक कंटाळा करतात आणि इथंच खेळ होतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. माणसं भरली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. आता लक्षात आलं का पहिल्या सभेला कुणालाच का बोलवत नाहीत? दुसरीला आठ-दहा जण बसतात आणि गावाच्या कामांचा आराखडा पास. म्हणून पहिल्याच सभेला तुमची शंभर माणसं बसवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, पाण्याचा, शौचालयाचा, अंगणवाडीचा विषय तिथून आला तर त्याला नाही म्हणणं जड जातं.

विषय आयत्या वेळी मांडू नका. अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतो, पण परवानगीच मिळत नाही. आठ-पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्का-सही-तारखेसकट. अर्ज असा:

"प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत ... विषय: प्रभाग क्र. २ मधील मारुती मंदिर ते समाजमंदिर रस्ता काँक्रीटीकरण व स्वतंत्रपणे बंदिस्त गटार बांधकाम ही दोन कामे सन ... च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करणेबाबत. महोदय, सदर रस्त्याची लांबी अंदाजे १८० मीटर, रुंदी ३ मीटर असून रस्त्यालगत ३४ कुटुंबे राहतात. रस्त्याची नोंद नमुना २३ मध्ये अ.क्र. ... वर आहे. हे काम यापूर्वी कोणत्याही योजनेतून झालेले नाही. तरी हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा ही विनंती. सोबत: फोटो, रहिवाशांच्या सह्या."

एवढंच पुरे. स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली तरी वगैरे लिहायची गरज नाही.

सभेत ठराव झाला की सूचक-अनुमोदकाची नावं आणि ठराव क्रमांक प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) लिहिला का हे तिथल्या तिथं बघा. "नंतर लिहितो" म्हणाले तर हसून म्हणा भाऊसाहेब आम्ही बसतो तोपर्यंत. नंतर ठरावाची नक्कल मागून घ्या, पुढच्या प्रत्येक टेबलावर तीच विचारतात.

पायरी ४: आराखड्यात काम चढलं का ते स्वतः तपासा

महाराष्ट्रात २०१५-१६ पासून "आमचं गाव आमचा विकास" या नावानं ग्रामपंचायत विकास आराखडा होतो, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. ठराव झाला म्हणजे काम आराखड्यात गेलं असं नाही, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवावं लागतं आणि तिथं नाही त्या कामावर वित्त आयोगाचा पैसा निघत नाही. हे पोर्टल २०२० पासून सगळ्यांसाठी उघडं आहे, लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, वर्ष निवडा, मंजूर आराखडा उघडा. कामाचं नाव, कुठल्या योजनेतून, अंदाजे रक्कम सगळं दिसतं. मोबाईलवर मेरी पंचायत ॲपवरही बघता येतं.

एकदा सवयीनं मागची दोन-तीन वर्षंही उघडून बघा. कधीकधी तुमच्याच गल्लीचं नाव असलेलं काम तिथं पूर्ण म्हणून दिसतं आणि गल्लीत मात्र काहीच नाही. असं निघालं तर आरडाओरडा करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, मग पायरी ६ बघा.

पायरी ५: अंदाजपत्रक आणि फाईल

अंदाजपत्रक पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागाचे शाखा अभियंता करतात, सरकारी दरसूचीप्रमाणं. त्यांच्याकडं तालुक्यातली ढीगभर गावं असतात, आपणहून कुणी येत नाही. सरपंचाला सोबत घेऊन जा, साईटवर न्या, मापं घेताना एक माणूस हजर ठेवा. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं हे दाखवा, कारण कागदावर सरळ रेषा दिसते आणि मग गटाराचा उतार उलटा होतो.

जनसुविधा असो नाहीतर पंचवीस-पंधरा, फाईलला साधारण हेच लागतं: ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा किंवा नमुना २३ ची नक्कल, अंदाजपत्रक, जागेचे फोटो, हे काम दुसऱ्या योजनेतून झालेलं किंवा मंजूर नाही असा ग्रामपंचायतीचा दाखला, देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करेल अशी हमी. याचे तीन सेट करा. एक पंचायत समितीला आवक नंबर घेऊन, एक लोकप्रतिनिधीकडं, एक स्वतःकडं. स्वतःचा सेट कुणालाही देऊ नका, अगदी जवळच्या कार्यकर्त्यालाही.

वेळेचं गणित असं आहे. जिल्हा वार्षिक योजनेची जुळवाजुळव नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणजे दिवाळीच्या आसपास तुमची फाईल आत पाहिजे. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या खात्याचे पैसे खर्च होत नाहीत ते दुसरीकडं वळवतात, पुनर्विनियोजन म्हणतात त्याला, आणि तेव्हा ऑफिसातून फोन येतो की "कुठलं काम तयार आहे का बघा". तयार म्हणजे जागा क्लिअर आणि अंदाजपत्रक केलेलं. हा फोन तुमच्या गावाला आला पाहिजे. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवीन मंजुरी बंद, त्यामुळं "पुढच्या महिन्यात करू" याच्यावर विसंबू नका.

शहरात काय

शहरात ग्रामसभा नाही, कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे पण ती घेतल्याचं फारसं कुठं दिसत नाही. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, बाकी महापालिकांत बहुतेक चार, त्यामुळं प्रत्येकजण म्हणतो तो भाग माझ्याकडं नाही. म्हणून चौघांच्या नावे एकच अर्ज करा आणि प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना द्या, पोच सगळ्यांची.

शहरातला मोठा घोळ परत जागेचाच. एनए (बिगरशेती) प्लॉटिंगमधले अंतर्गत रस्ते आणि ओपन स्पेस कित्येक ठिकाणी अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असतात, नगरपरिषदेला हस्तांतरच झालेलं नसतं. घरपट्टी आपण भरतो, पण रस्ता खासगी म्हणून पालिका हात वर करते. आधी लेआऊटचा मंजूर नकाशा आणि सातबारा काढा, रहिवाशांनी मिळून हस्तांतराचा अर्ज करा. हे झाल्याशिवाय कुठल्याही निधीची चर्चा वेळ घालवणं आहे.

पैशाचे मार्ग: झोपडपट्टी आणि मागासवर्गीय वस्तीसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना, इतर वस्त्यांसाठी दलितेतर वस्ती सुधारणा, रस्ते-गटारं-पाण्यासाठी नगरोत्थान, मोठ्या पाणीयोजनांसाठी अमृत. नगरोत्थान आणि अमृत ही नगरपरिषदेच्या पातळीवरची प्रकरणं आहेत, एका गल्लीने मागून मिळत नाहीत, पण डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) आपला भाग आहे का एवढं नक्की विचारता येतं. पुण्यात राहत असाल तर महापालिकेचं सहभागी अंदाजपत्रक आहे, २००६ पासून चालू. नागरिक स्वतः फॉर्म भरून आपल्या प्रभागातलं फुटपाथ, दिवे, बाक, ड्रेनेज असं एका कामाला ५ लाखांपर्यंतचं काम सुचवू शकतात. फॉर्म पावसाळ्याच्या सुमारास निघतात, जाहिरात जेमतेम होते, क्षेत्रीय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

पायरी ६: मंजुरीनंतर झोपू नका

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग वर्क ऑर्डर, या क्रमाने जातं. वर्क ऑर्डर आणि अंदाजपत्रकाची नक्कल मागा, त्यात काँक्रीटची जाडी आणि खालच्या मुरमाचा थर लिहिलेला असतो. ओतायच्या दिवशी एक जण टेप घेऊन उभा राहिला तरी ठेकेदार सरळ वागतो. नंतर क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणी, ते गल्लीतल्या लोकांनी मारलं तरी चालेल, कारण ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

बिल मोजमाप पुस्तिकेवरून निघतं, एमबी म्हणतात ती. वित्त आयोगाचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल सहीनं, म्हणजे गावाच्या भाषेत दोन डोंगल लागल्यावर होतं. सरपंच बाई असतील आणि डोंगल मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, खिशात असेल तर ते बंद करा, सही ज्यांची जबाबदारी त्यांची.

कागद देत नसतील तर माहिती अधिकार आहेच, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. पण त्याआधी एक सोपा रस्ता आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणं जिल्हा परिषद, महापालिका यांसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. जाऊन फाईल मागा. क्लार्कला निर्णय माहीत नसेल तर त्याची प्रत सोबत ठेवा.

अर्जात "भ्रष्टाचाराची चौकशी करा" असं ढोबळ लिहू नका. कामाचं नाव, वर्ष, वर्क ऑर्डर नंबर, अंदाजपत्रकात जाडी किती, प्रत्यक्ष किती, सोबत टेप लावलेला फोटो, आणि खाली मागणी एकच: दोष दुरुस्ती कालावधी संपायच्या आत ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने दुरुस्त करून घ्या, तोपर्यंत त्याची अनामत सोडू नका. अनामत अडकली की ठेकेदार स्वतःच फोन करतो.